संयुक्त राष्ट्रांचं बहुभाषिक दुकान: मराठी गिऱ्हाइकाने काय घ्यावं, काय पारखून घ्यावं

संयुक्त राष्ट्रांची संकेतस्थळं फुकट आहेत, म्हणून त्यांचं परीक्षण करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पण वर्तमानपत्राचं आंतरराष्ट्रीय पान, एमपीएससीच्या नोट्स, संस्थांचे प्रकल्प अहवाल, इतकंच काय ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा शाश्वत विकासाचा फलक, या सगळ्यांचा कच्चा माल शेवटी तिथूनच येतो. तो सहा भाषांत कसा मिळतो, हिंदीत कसा मिळतो आणि त्यातून मराठी करताना हात कुठे भाजतो, हे इथे पाहायचं आहे.

आधी एक घोळ मिटवू. अधिकृत भाषा सहाच आहेत: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी आणि अरबी. पहिल्या पाच १९४६ पासूनच्या, अरबी १९७३ साली आली. सचिवालयाचं रोजचं काम मात्र इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषांत चालतं. जून २०२२ मध्ये आमसभेने बहुभाषिकतेवरचा ठराव ७६/२६८ केला आणि त्यात हिंदीचा उल्लेख पहिल्यांदा आला. सोबत बांगला आणि उर्दूही होत्या. तेव्हा ‘हिंदी संयुक्त राष्ट्रांची भाषा झाली’ असे निरोप भरपूर फिरले. तसं काही झालेलं नाही. महत्त्वाचे संदेश अधिकृत भाषांबरोबर इतर भाषांतही पोचवत राहा, एवढंच ठरावाचं म्हणणं आहे. अधिकृत भाषा म्हणजे प्रत्येक ठराव, प्रत्येक अहवाल त्या भाषेत निघणार. संदेश पोचवण्याची भाषा म्हणजे बातम्या, ध्वनिफिती आणि समाजमाध्यमं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दुकानातला सगळ्यात अस्सल माल म्हणजे दस्तऐवजांचा साठा. २००४ च्या अखेरीपासून तो सर्वांना मोफत खुला आहे. कागद शोधायचा तर विषय टाकत बसू नका, चिन्ह टाका. प्रत्येक कागदाला एक चिन्ह असतं आणि ते वाचता आलं की निम्मं काम संपतं. ‘ए’ म्हणजे आमसभा, ‘एस’ म्हणजे सुरक्षा परिषद, ‘ई’ म्हणजे आर्थिक व सामाजिक परिषद. पुढे ‘आरईएस’ आलं तर ठराव, ‘पीव्ही’ आलं तर बैठकीचा शब्दशः वृत्तांत. ‘एल’ दिसला की हात आखडता घ्या: तो बहुधा मसुदा असतो, मंजूर ठराव नव्हे. शेपटीला ‘सीओआरआर’ असेल तर शुद्धिपत्र, ‘एडीडी’ असेल तर पुरवणी, ‘आरईव्ही’ असेल तर सुधारित आवृत्ती. म्हणजे ए/आरईएस/७६/२६८ हा शहात्तराव्या अधिवेशनातला दोनशे अडुसष्टावा ठराव. १९७६ च्या आधीच्या ठरावांत अधिवेशनाचा आकडा रोमन अंकांत, कंसात, मागे लावलेला असतो. अरबीला स्थान देणारा ठराव ३१९० त्याच पद्धतीने शोधावा लागतो. सुरक्षा परिषदेत अधिवेशनाचा आकडा नसतो, सलग क्रमांक आणि कंसात साल.

भाषा बदलायची सोयही चांगली आहे. कागदाच्या पत्त्यात भाषेचा दोन अक्षरी संकेत असतो. इंग्रजीचा ‘ईएन’ काढून फ्रेंचचा ‘एफआर’ किंवा स्पॅनिशचा ‘ईएस’ घातला की तोच कागद त्या भाषेत उघडतो, परिच्छेदांचे क्रमांक तेच. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगली शाळा फुकटात मिळणार नाही. दुखणं जुन्या कागदांचं आहे. १९९३ च्या आधीचे बहुतेक कागद स्कॅन केलेले आहेत, त्यांतली अक्षरं यंत्राने अंदाजाने ओळखलेली. त्यामुळे मजकुरातला शब्द शोधायला गेलं की कागद असूनही ‘नाही’ असं उत्तर येतं. अशा वेळी चिन्हानेच शोधा. कुठल्या देशाने कुठे मत दिलं हे पाहायचं तर संयुक्त राष्ट्रांचं डिजिटल ग्रंथालय वेगळं आहे, तिकडे जा.

सहा भाषांत एकच मजकूर असणं किती नाजूक असतं, हे कळायला सुरक्षा परिषदेचा २२ नोव्हेंबर १९६७ चा ठराव २४२ उघडा. इस्रायलने युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं त्यात आहे. इंग्रजीत ‘प्रदेशांतून’ या शब्दाआधी ‘द’ हे निश्चिततेचं उपपद नाही. फ्रेंचमध्ये ते आहे. त्यामुळे इंग्रजीचा आधार घेणारे म्हणतात, सगळे प्रदेश असं कुठे म्हटलंय? फ्रेंचचा आधार घेणारे म्हणतात, सगळेच. हा वाद अर्धशतकाहून जुना आहे. मराठीत उपपदच नाही, त्यामुळे ‘अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून’ एवढं लिहिलं की ती संदिग्धता आपोआप जपली जाते. पण भाषांतरकाराला वाक्य पोकळ वाटतं आणि तो ‘सर्व’ घुसडतो. किंवा सावधपणे ‘काही’ लिहितो. दोन्ही वेळा त्याने नकळत एक बाजू घेतलेली असते. इथे पोकळ वाक्यच बरोबर आहे.

असाच दुसरा खड्डा क्रियापदांचा. ठरावातलं प्रत्येक क्रियापद मोजूनमापून टाकलेलं असतं: ठरवते, शिफारस करते, आवाहन करते, आग्रहाने सांगते, विनंती करते, स्वागत करते. यांत सगळ्यात फसवं म्हणजे अहवालाची ‘नोंद घेणं’. आमसभेने २००१ मध्ये निर्णय ५५/४८८ करून सांगून ठेवलंय की हा तटस्थ शब्द आहे, त्यात मान्यताही नाही आणि नापसंतीही नाही. आपल्याकडे याचं सर्रास ‘संयुक्त राष्ट्रांनी दखल घेतली’ होतं. मराठीत दखल घेतली म्हणजे आता काहीतरी हलणार. पोलिसांनी दखल घेतली, आयुक्तांनी दखल घेतली, त्याच चालीवर. तिथे झालेलं असतं इतकंच की अहवाल मिळाला, वहीत लिहिला.

दस्तऐवजांना पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. पण तिथून बाहेर पडून जनतेसाठीच्या दालनात आलात की सहा भाषांचा थाट ओसरू लागतो. बैठकांत काय झालं याची सविस्तर प्रसिद्धिपत्रकं फक्त इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये निघतात. सहाही भाषांत काढा असा आग्रह आमसभेत वर्षानुवर्षं होतो, पण बैठक संपल्यावर काही तासांत मजकूर द्यायचा तर सहा पथकं लागतात, आणि तेवढे पैसे कुणी देत नाही. शिवाय ही पत्रकं अधिकृत वृत्तांत नव्हेत. बातमीला चालतील, प्रबंधाच्या तळटीपेत नको. तिथे ‘पीव्ही’ चिन्हाचा कागदच हवा, मग तो यायला उशीर का होईना.

थेट प्रक्षेपणाचं दालन चांगलं आहे. बैठक पाहताना ध्वनीची भाषा निवडता येते: एक मूळ आवाज, बाकी दुभाष्यांचे. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि रशियन कक्षांत प्रत्येकी दोन दुभाषे असतात. अरबी आणि चिनी कक्षांत तीन, कारण त्यांना आपल्या भाषेत आणि आपल्या भाषेतून, दोन्हीकडे काम करावं लागतं. साधारण वीस ते तीस मिनिटांनी माणूस बदलतो. डोकं त्याहून जास्त वेळ हे काम नीट करत नाही. हे ऐकू येणारं भाषांतर म्हणजे अधिकृत नोंद नव्हे, त्यावरून कुणाच्या तोंडी अवतरणचिन्हं घालू नका. भाषण हिंदीत असेल तेव्हा तर नकोच. आमसभेच्या नियम ५३ प्रमाणे अधिकृत नसलेल्या भाषेत कुणीही बोलू शकतं, फक्त सहांपैकी एका भाषेतल्या भाषांतराची सोय ज्याची त्याने करायची. अटलबिहारी वाजपेयी ऑक्टोबर १९७७ मध्ये तिथे हिंदीत बोलले, त्यानंतरही अनेकदा हिंदी ऐकू आली. अशा वेळी भारताने आणलेलं इंग्रजी भाषांतर एका कक्षातून वाचलं जातं आणि बाकीचे कक्ष त्या इंग्रजीवरून पुढे आपापली भाषा करतात. वक्त्याने कागद सोडून दोन वाक्यं जास्त बोलली की ती वाटेत सांडतात. आपल्याला हिंदी कळते. ध्वनी ‘मूळ’वर ठेवा आणि थेट ऐका.

आता हिंदी बातम्या. मराठी वाचकाच्या दृष्टीने खरा मुद्दा हाच. ही सेवा २०१८ मध्ये भारत सरकारच्या पैशाने सुरू झाली. मे २०२२ मध्ये भारताने तिच्यासाठी आठ लाख डॉलर दिले. रोजच्या बातम्या, मुलाखती, साप्ताहिक ध्वनी बुलेटिन असा संसार आहे. पहिली गोष्ट लक्षात ठेवा: हिंदी पान म्हणजे इंग्रजी पानाची सावली नव्हे. कुठली बातमी घ्यायची, किती घ्यायची हे त्या त्या भाषेचं पथक ठरवतं. इंग्रजीतली बातमी हिंदीत सापडली नाही म्हणजे लपवली असं नाही, आणि हिंदीत परिच्छेद कमी दिसले म्हणून कुणी कात्री लावली असंही नाही.

भाषा सोपी आहे. सरकारी राजभाषेचा तो गुळगुळीत दगडीपणा नाही. बोलीतले शब्द, नुक्ते, मध्येच ‘यूएन’. आकडे लाख-करोडमध्ये येतात, ही फार मोठी सोय. इंग्रजीतल्या १.२ मिलियनचे घाईत ‘सव्वा लाख’ करणारे उपसंपादक आहेत. हिंदी पानावर सरळ बारा लाख लिहिलेलं असतं. विशेषनामांनाही उपयोग होतो. सरचिटणीस गुटेरेश पोर्तुगीज, तेव्हा शेवटी ‘श’ येतो, हे हिंदी पान पाळतं. आपल्याकडे गुटेरस, गुटेरेस, गुट्रेस, सगळं चालतं.

धोका लिपीमुळे होतो. अक्षरं तीच, शब्दही ओळखीचे, आणि अर्थ भलताच. ‘लड़कियों की शिक्षा’ मराठीत उचलली की मुलींना शिक्षा होते. हे उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तिथे कुणी घसरत नाही. घसरण होते ती मधल्या शब्दांवर. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. रशियाने आपत्ती जताई याचा पुराशी, भूकंपाशी काही संबंध नाही. हिंदीत ‘प्रस्ताव’ म्हणजे मंजूर झालेला ठरावही असतो आणि नुसता मांडलेलाही. मराठीत ठराव आणि प्रस्ताव या दोन वस्तू आहेत, हा फरक आपल्याला सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा कळतो, तर सुरक्षा परिषदेच्या बातमीत का हरवावा? नकाराधिकार वापरला गेला असेल तर पडला तो मसुदा. ‘ठराव फेटाळला’पेक्षा ‘ठरावाचा मसुदा फेटाळला गेला’ हे नेमकं. ‘संघर्ष’ हिंदीत सशस्त्र लढाईलाही चालतो. मराठीत संघर्ष गिरणी कामगारही करतात आणि नवरा-बायकोही. महासभा, महासचिव, शरणार्थी, मानवाधिकार यांना आपल्याकडे आमसभा, सरचिटणीस, निर्वासित, मानवी हक्क हे रुळलेले शब्द आहेत, ते टाकून हिंदीचे घ्यायचं कारण नाही. संस्थेच्या नावातही तेच: हिंदीत ‘संयुक्त राष्ट्र’ एकवचनी चालतं, मराठीत ‘संयुक्त राष्ट्रे’ किंवा ‘संयुक्त राष्ट्रसंघ’ लिहावं. एक काही तरी निवडा आणि लेखभर तेच ठेवा.

सगळ्यात मजेशीर गोंधळ संयुक्त राष्ट्रांच्या १७ विकास उद्दिष्टांच्या नावाचा. संयुक्त राष्ट्रांच्या हिंदी बातम्यांत ‘टिकाऊ विकास’ असतो. भारत सरकारच्या हिंदीत ‘सतत विकास’. महाराष्ट्र शासनाच्या कागदांत ‘शाश्वत विकास ध्येये’. मराठी कानाला टिकाऊ म्हणजे चप्पल किंवा प्लॅस्टिकची बादली, आणि सतत म्हणजे न थांबता. शाश्वतही तसा बरोबर नाहीच, कारण शाश्वत म्हणजे कायमचं, चिरंतन. मूळ इंग्रजी ‘सस्टेनेबल’ या शब्दात आहे ती पुढच्या पिढीला पुरेल अशी बेताची चाल. पण आता तो शब्द रुळलाय. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात १७ ध्येयं नऊ संकल्पनांत बसवली आहेत आणि ग्रामसेवकाच्या तोंडी ‘शाश्वत’ पक्का झालाय. नवा शब्द घडवण्यापेक्षा हाच चालवा, आणि हिंदी पानावरून उचलताना ‘टिकाऊ’ गाळा.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवलेला बरा. विषय पटकन कळायला हिंदी बातमी वाचा. लगेच तीच घटना इंग्रजीत शोधा. इंग्रजी बातमीत बहुधा मूळ अहवालाचा किंवा ठरावाचा दुवा असतो, त्यावरून चिन्ह टिपा. आकडे आणि तारखा कागदातूनच घ्या, बातमीतून नाही. क्रियापद तपासा. मग मराठी लिहा, आणि लिहून झाल्यावर हिंदी खिडकी बंद करून एकदा मोठ्याने वाचा. ‘द्वारा’, ‘के तहत’चं ‘अंतर्गत’, ‘इस बीच’चं ‘या दरम्यान’ असलं काही अडखळलं तर तिथे हिंदी शिल्लक आहे.

संज्ञांचा कोशही मोफत आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. सहा अधिकृत भाषांत एकेका संज्ञेला काय म्हणायचं, ती कुठल्या कागदात आली, हे त्यात मिळतं. मराठी नाही. तरीही उपयोग आहे: इंग्रजी संज्ञेचा अर्थ धूसर वाटला की फ्रेंच किंवा स्पॅनिश प्रतिशब्द पाहा, पुष्कळदा अर्थ उलगडतो. निर्वासित आणि अंतर्गत विस्थापित यांतला फरक असाच तिथे नीट लागतो. सीमा ओलांडली तर निर्वासित, देशातच घर सुटलं तर विस्थापित. आपल्या बातम्यांत दोन्ही एकाच पोत्यात भरलेले असतात.

मग मराठीत का नाही? उत्तर भाषेच्या मोठेपणात नाही, बिलात आहे. अरबीला १९७३ मध्ये जागा मिळाली तेव्हा पहिल्या तीन वर्षांचा खर्च अरब देशांनी उचलायचं कबूल केलं होतं. जर्मन अधिकृत नाही, तरी १९७० च्या दशकापासून ठराव जर्मनमध्ये निघतात, कारण जर्मन बोलणारे देश त्या विभागाचे पैसे भरतात. हिंदीबाबत सुषमा स्वराज यांनी जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत हेच सांगितलं होतं: १२९ देशांची मतं मिळवणं अवघड नाही, पण पाठिंबा देणाऱ्या प्रत्येकाला खर्चाचा वाटा उचलावा लागतो आणि तिथे छोटे देश मागे सरतात. मराठीमागे असा कुठला देश उभा नाही, तेव्हा न्यूयॉर्कहून मराठी दालन उघडेल ही आशा सोडलेली बरी. आपल्या हातात आहे ती गोष्ट लहान आणि स्वस्त: ठरावातली चाळीस-पन्नास क्रियापदं, दोनेकशे संज्ञा, देशांची आणि संस्थांची नावं, यांची एक मान्य मराठी यादी. वृत्तपत्रं, विद्यापीठाचे भाषांतर विभाग आणि भाषा संचालनालय यांनी मनावर घेतलं तर एका पावसाळ्यात होईल.

बातम्यांना आम्ही साडेतीन गुण देऊ, प्रसिद्धिपत्रकांना अडीच, संज्ञाकोशाला चार. मराठीला शून्य देणार होतो, पण एक वस्तू आड येते. मानवी हक्कांचा १० डिसेंबर १९४८ चा जाहीरनामा पाचशेहून अधिक भाषांत मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवलेला आहे, आणि त्यांत मराठी आहे. पहिल्याच कलमात ‘सदसद्विवेकबुद्धी’ आणि ‘बंधुत्वाच्या भावनेने आचरण करावे’ असं घसघशीत मराठी आहे. इंग्रजीतल्या ‘कॉन्शन्स’च्या अस्पष्टतेपेक्षा सत्-असत् वेगळं करणारी बुद्धी कितीतरी ठोस. त्याच कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाचा शब्द जाऊन ‘सर्व माणसं’ आलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे.

शाळा-कॉलेजात मानवी हक्क दिनाला हा जाहीरनामा वाटायचा असेल तर तीसही कलमं चार-पाच पानांत मावतात. छापण्यापूर्वी हिंदी प्रत शेजारी ठेवा आणि कलम ५ व कलम २६ तेवढी ताडून पाहा. हिंदीत ‘शिक्षा’ सव्विसाव्या कलमात आहे आणि तो हक्क आहे. मराठीत तो शब्द पाचव्या कलमाच्या कामाचा, जिथे क्रूर आणि अमानुष शिक्षेला मनाई केली आहे.